आभार मानावेत नाव घेऊन

रोमन साम्राज्यात कैद्याच्या पोटापाण्याची काळजी बहुधा त्याच्या आप्तमित्रांनाच करावी लागे. बाहेरून जेवण, कपडे, पैसे आले तर ठीक. नाहीतर हाल ठरलेले. अशाच कैदेत असलेल्या संत पौलाला मासेदोनियातल्या फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीने मदत पाठवली. ती पोचवणारा एपफ्रदीत या कामगिरीत इतका आजारी पडला, की मरता मरता वाचला. त्याला घरी परत पाठवताना पौलाने त्या मंडळीला लिहिलेलं पत्र बायबलच्या नव्या करारात आहे.

त्यातली आभार मानण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पौल आर्जवं करत नाही, आणखी काही पाठवा असंही सुचवत नाही. भरल्या पोटी आणि उपाशीपोटी, दोन्ही वेळा समाधानाने राहायला आपण शिकलो, हे तो मोकळेपणाने सांगतो. पण म्हणून मिळालेली मदत तो किरकोळ मानत नाही. मासेदोनियातून निघाल्यावर दुसऱ्या कुठल्याही मंडळीने हात दिला नव्हता. त्याआधी थेस्सलनीकात असतानाही फिलिप्पैकरांनीच एकाहून अधिक वेळा मदत धाडली होती. हे सगळं त्याच्या लक्षात आहे. तुम्ही पाठवलंत ते देवाला आवडणारं अर्पण आहे, असं तो लिहितो आणि एपफ्रदीतासारख्यांचा मान राखा, असंही बजावतो.

रोमच्या मंडळीला त्याने पत्र लिहिलं ते सुमारे इ. स. ५७ मध्ये. तोवर त्याने रोम पाहिलंही नव्हतं. तरी शेवटच्या अध्यायात तो तिथल्या वीसहून अधिक माणसांना नावानिशी सलाम सांगतो. प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याने त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला होता, ते तो नोंदवतो. रोममधल्या रूफाच्या आईने आपल्यालाही आईची माया दिली, हे सांगायला विसरत नाही. करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातली फीबी अनेकांचा आधार होती. तिला लागेल ती मदत करा, अशी शिफारस या नावांच्याही आधी येते.

देवाचे आभार मानायचे म्हणून माणसाचे उपकार झाकून टाकायचे नाहीत, हा या पत्रांचा धडा आहे. पौलाच्या मते देव देतो, आणि ते कुणाच्या तरी हातून पोचतं. त्या हातांना नाव असतं.

मराठी ख्रिस्ती कुटुंबांत आजही दुखण्यातून कुणी उठलं, नोकरी लागली, नव्या घरात पाऊल ठेवलं, की उपकारस्तुतीची प्रार्थना होते. शेजारीपाजारी जमतात, गाणी होतात, चहा-फराळ होतो. पौलाची रीत इथे सहज पाळता येते. आजारपणात दवाखान्यात रात्री जागवणाऱ्या शेजाऱ्याचं, डबा पोचवणाऱ्या काकूंचं, पैशांची तजवीज करणाऱ्या मित्राचं नाव प्रार्थनेत घ्यावं, आणि कुणी काय केलं तेही सगळ्यांसमोर सांगावं. जो त्या दिवशी येऊ शकला नाही, त्याला दुसऱ्या दिवशी फोन करावा किंवा दोन ओळी लिहून पाठवाव्यात.