काळी माती, खत आणि पाऊस

मागल्या आषाढात भेंडीच्या वाफ्यात आम्ही सायंकाळी युरिया टाकला आणि त्याच रात्री भोपाळात मुसळधार पाऊस कोसळला. आठ-दहा दिवसांत रोपांची खालची पाने पिवळी पडू लागली. शेजारच्याच वाफ्यात जुने, मुरलेले शेणखत होते. तेथील भेंडी मात्र हिरवीगार! माती तीच, पाऊसही तोच.

माळव्याची काळी माती तशी कंजूष. हाती आले ते सहसा सोडीत नाही. मात्र हा कंजूषपणा निवडक आहे. शाळेत आम्ही मुलांना एक जुना प्रयोग दाखवीत असतो. बूड भोके पाडलेल्या दोन डब्यांत काळी माती भरावयाची. एकीत तोंड आल्यावर लावतात ते जांभळे जेन्शन व्हायोलेट पाण्यात मिसळून ओतावे, दुसरीत तांबडे इओसिन. पाणी फार सावकाश झिरपते, मुले कंटाळतात. पण जांभळ्या डब्याखाली जवळजवळ स्वच्छ पाणी येते आणि तांबड्याखाली तांबडेच! चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युत्भार असतो. धनभाराचा जांभळा रंग त्यांना चिकटतो, ऋणभाराचा तांबडा निसटतो.

नत्राची कथा हीच आहे. युरियाला कोणताच भार नसल्याने तो पाण्याबरोबर सहज खाली उतरतो. त्याचा अमोनियम झाला की माती त्याला धरून ठेवते; परंतु जिवाणू लवकरच त्याचे नायट्रेट करतात आणि ते ऋणभारी असल्याने पुन्हा निसटते. काही भाग साचलेल्या पाण्यात वायुरूप होऊन हवेत जातो. पालाश पुष्कळसा टिकतो, स्फुरद तर चुनखडीशी बांधलाच जातो. शिवाय उन्हाळ्यात पडलेल्या हातभर खोल भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी मातीला न भेटताच तळाशी पोहोचते. रेताड जमिनीत किंवा कोकणच्या जांभ्याच्या मातीत तर पालाशालाही फारसा थारा नाही.

शेणखतातील नत्र सेंद्रिय द्रव्यात अडकलेले असते. ते हप्त्याहप्त्याने सुटते आणि मुळे ते टिपून घेतात. मात्र खत मुरलेले हवे. उघड्या उकिरड्यातून पावसात जो काळा पाझर वाहतो, तेच त्याचे सत्त्व! हे ओळखून आपल्या शेजारच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत बसविली. तिच्यावरील १९३१ च्या ग्रंथावर त्यांच्यासह यशवंत वाड यांचे नाव आहे, हे आपल्या मंडळींपैकी किती जणांस ठाऊक असेल? गोठ्यातील मूत्र शोषलेली माती, शेण, राख आणि पालापाचोळा यांचे थर. उन्हाळ्यात खड्ड्यात, पावसाळ्यात जमिनीवर ढीग. सुमारे तीन महिन्यांत खत तयार.

निसटलेले नायट्रेट जाते कोठे? विहिरीत आणि कूपनलिकेत. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे; त्याहून अधिक झाल्यास तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. त्यास शेणखतही अपवाद नाही. अति टाकल्यास तेही पाझरतेच. म्हणून आमचा खताचा ढीग आता विहिरीपासून दूर, परसाच्या उताराकडील टोकाला, पत्र्याखाली आहे. युरिया टाकणे झालेच तर चिमूटचिमूट, दोन-तीन वेळा आणि आभाळ पाहून.