स्काउटच्या शेजारी लावलेला तंबू

1908 च्या जानेवारीत स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांचं ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक चार पेन्सला एक भाग, अशा पाक्षिक हप्त्यांत बाजारात आलं. पोरांनी मोठ्या माणसांची वाट न बघता गावोगावी पथकं काढली. गाठी मारणं, चूल पेटवणं, माग काढणं आणि देव व राजा यांच्याशी इमान राखण्याचं वचन, हा कार्यक्रम वेल्समध्येही पोचला. तो पोचला इंग्रजीतून. त्या काळचे प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड हेच वेल्सचे चीफ स्काउट होते, यावरून चळवळीचा एकूण नूर लक्षात यावा.

घरात आणि चॅपलमध्ये वेल्श बोलणारं मूल खेळायला बाहेर पडलं की इंग्रजीत शिरे. 1911 मध्ये वेल्श बोलणाऱ्यांचं प्रमाण 43.5 टक्के होतं, ते 1921 मध्ये 37 टक्क्यांवर आलं. ही घसरण एका माणसाला फार लागली. इव्हान आब ओवेन एडवर्ड्‌स त्याचं नाव. त्याचे वडील ओ. एम. एडवर्ड्‌स लहानपणी लानिउख्लिनच्या शाळेत वेल्श बोलले म्हणून त्यांच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवली जाई. दुसरं कोणी वेल्श बोलताना सापडलं की पाटी त्याच्या गळ्यात, आणि दिवस संपताना ज्याच्याकडे असेल त्याला छडी. मुलांनी एकमेकांवर पाळत ठेवावी म्हणून याहून हलकट युक्ती शोधून सापडणार नाही. हेच वडील पुढे वेल्सचे मुख्य शाळा-निरीक्षक झाले आणि 1892 मध्ये त्यांनी मुलांसाठी ‘कमरीर प्लान्त’ हे मासिक काढलं. 1920 मध्ये ते वारल्यावर मासिक मुलाकडे आलं.

1922 च्या जानेवारी अंकात इव्हान यांनी छोट्या वाचकांना सरळ साद घातली. आपली मुलं खेळतात इंग्रजीत, वाचतात इंग्रजीत, आपण वेल्श आहोत हेच विसरत चालली आहेत, तेव्हा आपलाच एक संघ काढू या. ‘इर्द गोबाइथ कमरी’, म्हणजे वेल्सच्या आशेचा संघ, असा जन्माला आला. पहिली शाखा त्याच वर्षी फ्लिंटशरमधल्या त्रेइदिन गावात निघाली, इंग्लंडच्या सीमेपासून फार दूर नाही.

संघाने स्काउटकडून उसनं बरंच घेतलं. बिल्ला आला, शपथ आली, पुढे तंबूही आले. मात्र शपथेतली नावं बदलली. इर्दच्या मुलाने इमान राखायचं ते वेल्सशी, माणसाशी आणि ख्रिस्ताशी. राजा गाळला गेला होता, तोही फारसा गाजावाजा न करता. स्काउटच्या घरात जागा मिळेना म्हणून वेगळी चूल मांडण्याची वेळ आपल्याकडेही आली होती. भारतीय मुलांना सुरुवातीला त्यात प्रवेशच नव्हता, म्हणून 1918 मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीचं पथक उभं केलं. इथे अडसर वंशाचा होता, तिथे भाषेचा.

1928 मध्ये लानिउख्लिनलाच पहिलं शिबिर भरलं आणि 1929 मध्ये कॉर्वेनला पहिला आयस्तेद्वोद, म्हणजे गाण्या-नाचण्याच्या, पाठांतराच्या स्पर्धांचा मेळा. पण संघाला खरं घर मिळालं ते 1932 मध्ये, केरेदिगियॉनच्या किनाऱ्यावर लानग्रानोगला. तिथे समुद्रात डुंबायचं तेही वेल्शमध्ये, भांडायचं तेही वेल्शमध्ये. शाळेने जी भाषा छडीने घालवली, ती शिबिरात खेळता खेळता परत येऊ लागली. माझ्या मते संस्थेचं मोठेपण स्पर्धांपेक्षा या खेळकरपणात जास्त आहे.

1939 मध्ये युद्ध सुरू झालं आणि लिव्हरपूलकडची मुलं सुरक्षिततेसाठी आबेरिस्टविथला आली. गावातले वर्ग इंग्रजी पोरांनी भरून गेले. इव्हान यांनी मग संघाच्याच इमारतीत शाळा सुरू केली: वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा, शिक्षिका नोरा आयझॅक, विद्यार्थी सात. सातांपैकी एक त्यांचाच मुलगा, ओवेन. हाच ओवेन पुढे 1982 मध्ये सुरू झालेल्या एस-फोर-सी या वेल्श दूरचित्रवाणी वाहिनीचा पहिला प्रमुख झाला. लाकडी पाटीपासून वाहिनीपर्यंत एकाच घराच्या तीन पिढ्या! घराणेशाहीला नावं ठेवायची सवय असलेल्यांनीही इथे जरा थांबावं.

सगळंच सुरळीत चाललं असं मात्र नाही. 1969 मध्ये युवराज चार्ल्स यांना ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हे पद समारंभपूर्वक देण्याच्या, राज्याभिषेकासारख्या सोहळ्याआधी त्यांना इर्दच्या आयस्तेद्वोदला बोलावलं गेलं. त्यांनी भाषण वेल्शमध्ये केलं, तरी काही तरुण उठून मांडवाबाहेर निघून गेले. ज्या संस्थेने शपथेत राजाला जागा दिली नव्हती, तिच्याच व्यासपीठावर युवराज उभा होता. रागावलेल्यांचं काही अगदीच चुकलं होतं असं म्हणवत नाही.

1976 मध्ये लाल-पांढऱ्या-हिरव्या त्रिकोणी ‘मिस्टर इर्द’ या संघाच्या शुभंकराने मुलांना वेड लावलं. एव्हाना शेजारचा तंबूही बदलला होता. 1967 मध्ये स्काउटच्या नावातून ‘बॉय’ गेलं, 1991 पासून पथकांना सर्व वयोगटांत मुली घेण्याची मुभा मिळाली आणि 2007 पर्यंत तो सगळीकडे नियम झाला. स्काउटचं वचन आता वेल्शमध्येही घेता येतं.

तंबूंनी भाषा वाचवली असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. 2021 च्या जनगणनेत वेल्श बोलणारे 17.8 टक्केच निघाले. कोविडमध्ये शिबिरं बंद पडली आणि 2020 चा आयस्तेद्वोद लोकांनी टीव्हीवर पाहिला. 2021 मध्ये काबूल पडल्यावर मात्र संघाने कार्डिफमधलं आपलं निवासी केंद्र अफगाण कुटुंबांसाठी उघडलं. पुढच्या वर्षी, संघाच्या शंभरीतच, युक्रेनमधून आलेल्यांनाही आसरा दिला. या पाहुण्यांच्या मुलांच्या कानावर तिथे इंग्रजीबरोबर वेल्शही पडू लागली.