साडेपाच तास घड्याळात भरू नका

मुंबईत गोवंडीतल्या संगणकावर लिनक्स साडेपाच तास मागची वेळ दाखवू लागले, की सी भाषा शिकणाऱ्याला एक सोपा उपाय सुचतो: आहे त्या आकड्यात १९,८०० सेकंद मिळवायचे आणि ‘सेटटाइमऑफडे’ या फंक्शनने ते घड्याळात भरायचे. पडद्यावर वेळ जुळते, पण आतापर्यंत बरोबर असलेले घड्याळ तिथेच बिघडते. सिस्टिम क्लॉकमध्ये भारतीय वेळ नसतेच. १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून, म्हणजे मुंबईत पहाटेचे साडेपाच वाजले होते तेव्हापासूनचे सेकंद तिथे मोजलेले असतात. साडेपाच तास मिळवणे हे ‘लोकलटाइम’चे काम, आणि ते टाइमझोन पाहून होते. क्षण एक आणि त्याची वाचने अनेक, हे मुंबईला नवे नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी या शहराने आपली ३९ मिनिटे मागची ‘बॉम्बे टाइम’ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. घड्याळे दोन वेळा दाखवत होती, क्षण मात्र तोच होता.

पडद्यावर वेळ बरोबर दिसल्याशी मतलब, असे कुणी म्हणेल. पण घड्याळ साऱ्या यंत्राचे असते. ते साडेपाच तास पुढे गेले, की तीन तासांनी संपणारे सुरक्षा प्रमाणपत्र आत्ताच बाद ठरते आणि नोंदींचा इतर यंत्रांशी मेळ बसत नाही. नेटवर्कवरून वेळ जुळवणारे एनटीपी चालू असेल तर ते केलेला बदल पुसूनही टाकू शकते. विंडोजचे ‘सेटलोकलटाइम’ स्थानिक वेळ घेते, हा आक्षेप खरा आहे. मात्र तेही आत तिचे यूटीसी करूनच ठेवते. गोंधळ होतो तो बॅटरीवरच्या घड्याळाचा. विंडोज त्यात सहसा स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स त्याला यूटीसी समजते. एकाच यंत्रावर दोन्ही असतील तर साडेपाच तासांचा घोळ होणारच. त्यावर इलाज सेटिंगमध्ये आहे, बेरजेत नाही.

कुठलाही प्रोग्रॅम घड्याळ बदलू शकतो, हाही गैरसमजच. लिनक्सवर रूटचा किंवा वेळ बदलण्याचा खास अधिकार नसेल, तर ‘सेटटाइमऑफडे’ उणे एक परत करते, ‘ईपर्म’ ही त्रुटी नोंदवते आणि घड्याळ जसेच्या तसे राहते. परत आलेले मूल्य न तपासणाऱ्याला हे कळतही नाही. म्हणून आधी टाइमझोन तपासा. घड्याळ खरोखरच थोडे चुकले असेल तर ‘ॲडजटाइम’ने हळूहळू सरकवा, आणि कालावधी मोजायला ‘क्लॉक मोनोटोनिक’ वापरा. वेळ बदलली तरी ते उडी मारत नाही.