घड्याळानें न मोजलेलीं पावलें

गत वर्षीं मला आपल्यापैकीं एका विद्यार्थ्याची क्षमा मागावी लागली. त्या प्रसंगाचें कारण एक यंत्र होतें, व त्या यंत्राविषयीं माझें अज्ञान होतें. पालकांपैकींही पुष्कळांच्या मनगटावर हल्लीं हें यंत्र दिसतें, म्हणून ती हकीकत येथें देतों.

मुलांस चालण्याची गोडी लागावी या हेतूनें शाळेनें एक चढाओढ ठेविली होती. नववींतील प्रत्येकानें आठवडाभर मनगटावर पावलें मोजणारें घड्याळ बांधावें, आणि रोज सायंकाळीं आंकडा वहींत उतरावा. दिवसास दहा हजार पावलें हें लक्ष्य. वह्या तपासण्याचें काम मजकडे होतें. एका मुलानें लिहिलें होतें, “पहाटे वडिलांबरोबर केळ्यांची हातगाडी ढकलीत बाजारांत गेलों. चार किलोमीटर.” त्यापुढें घड्याळाचा आंकडा होता अवघा सहाशें! चार किलोमीटरांस पांच हजारांच्या आसपास पावलें सहज पडतात. मीं लाल शाईनें ‘असत्य’ असा शेरा मारला, व भर वर्गांत त्यास चार शब्द ऐकविले. मुलगा खालीं मान घालून उभा राहिला. घड्याळास खोटें बोलण्याचें कारण काय, असें मला वाटलें.

पुढें नाताळच्या सुटींत माझ्या वृद्ध आईस चाकांच्या खुर्चींत बसवून मी तासभर अंगणांत व रस्त्यावर फिरवीत होतों. अंगास घाम आला होता. तोंच माझ्या मनगटावरील घड्याळ थरथरलें, आणि त्यावर अक्षरें उमटलीं, ‘फार वेळ बसलांत, आतां उठून थोडें चाला.’ आई खूप हसली. मला मात्र ती लाल शाई आठवली.

घड्याळास डोळे नाहींत. आपले पाय त्यास दिसत नाहींत. त्याच्या पोटांत त्वरणमापक नांवाचा एक अतिसूक्ष्म भाग असतो. सिलिकॉनची एक चिमुकली फणी लवचिक आधारांवर टांगलेली आहे, अशी कल्पना करा. एस्‌. टी. एकदम सुटली म्हणजे उभे असलेले उतारू मागें कलतात ना? तद्वत् घड्याळास हिसका बसला कीं ही फणी किंचित् मागें राहते. तिचे दांते व शेजारचे दांते यांतील अंतर बदलतें, आणि त्याबरोबर तेथील विद्युत्-धारणाही बदलते. त्या फरकावरून हिसका किती मोठा व कोणत्या दिशेचा, हें कळतें. असें मोजमाप सेकंदांत अनेक वेळां होतें.

येथवर यंत्राचें काम. यापुढें संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, विचार करूं लागते. किंबहुना विचार न करतां नियम लावूं लागते. माणूस चालतो तेव्हां सेकंदास सुमारें दोन पावलें पडतात, व हातही त्याच तालांत हलतो. ह्या तालाचा व पुरेशा जोराचा हिसका आला तर तें पाऊल, एरवीं नव्हे. कित्येक आज्ञावल्या तर ताल जमेपर्यंत पहिलीं कांहीं पावलें गृहीतच धरीत नाहींत. म्हणून चुलीपासून मोरीपर्यंत दिवसभर येरझारा घालणाऱ्या गृहिणीचे श्रम पुष्कळदां हिशेबांतून गळतात. उलट, ढोलकी वाजविणारा बसल्या जागीं मैलभर चालून येतो! गाडीचा दांडा किंवा खुर्चीची मूठ घट्ट धरली म्हणजे मनगट जवळजवळ स्थिर राहतें. पाय बिचारे चालतच असतात, पण त्यांचा साक्षीदार झोपलेला असतो.

आणि ज्या दहा हजारांसाठीं एवढी धडपड, तो आंकडा तरी कोठून आला? टोकियो येथें 1964 सालीं ऑलिंपिक सामने झाले, व जपानांत व्यायामाची हौस वाढली. 1965 सालीं तेथील यामासा कंपनीनें ‘मानपो-केई’ नांवाचें पाऊलमापक विक्रीस काढलें. नांवाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचें मापक’. आंकडा गोल, नांव तोंडीं बसणारें. परंतु त्यामागें कोणत्याही मोठ्या शास्त्रीय संशोधनाचा निष्कर्ष नव्हता. 2019 सालीं अमेरिकेंत आय-मिन ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचें सरासरी वय 72 होतें. रोज सुमारें 2,700 पावलें चालणाऱ्यांपेक्षां 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण बरेंच कमी आढळलें, आणि 7,500 च्या सुमारास हा लाभ वाढावयाचा थांबला. हे आंकडे आजींचे आहेत, नववीच्या मुलांचे नव्हेत, हें ध्यानांत असावें. 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें 2020 सालीं दिलेली शिफारस रोज सरासरी 60 मिनिटें दम लागेल अशा हालचालीची आहे. पावलांचा आंकडा तींत नाहीं.

जातां जातां एक गोष्ट. चढाओढींतून तिसऱ्या दिवशीं गळलेल्यांची तक्रार पायांच्या ठणक्याची होती. संवय नसलेल्या श्रमानें स्नायूंच्या तंतूंस बारीक इजा होते, व तिची दुरुस्ती चालू असतांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं वेदना अधिक जाणवते. ती दुग्धाम्लामुळें होते असें पुष्कळजण सांगतात, पण तें आम्ल तास-दोन तासांतच ओसरतें. तेंच काम हलक्या हातानें पुन्हां करीत गेल्यास ठणका कमी होत जातो. हें त्या मुलांस आधींच सांगावयास हवें होतें. तीही चूक माझीच.

सुटी संपल्यावर मीं त्या मुलास गाडी घेऊन शाळेच्या पटांगणांत बोलाविलें. सारा वर्ग भोंवतीं उभा राहिला, व शंभर पावलें मोठ्यानें मोजूं लागला. हात मोकळे सोडून तो चालला तेव्हां घड्याळाचा आंकडा शंभराच्या अगदीं जवळ आला. गाडी ढकलली तेव्हां जेमतेम दहाबारा. मग तेंच घड्याळ घोट्यास बांधून गाडी ढकलली, आणि आंकडा पुन्हां वर चढला. मुलांनीं टाळ्या पिटल्या. त्यांतल्या दोघांच्या मनगटांवरील घड्याळांनीं त्या टाळ्याही पावलें म्हणून मोजल्या!

मीं वही मागवून घेतली, तो शेरा खोडला, खालीं सही केली, आणि वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. तो म्हणाला, “सर, येतांना गाडी रिकामी असते. तेव्हां मी एका हातानें ओढतों. ते सहाशें तेवढ्यांतले असतील.”