उद्योगांतर्गत व्यापार : मोजायचा कसा आणि कशासाठी?

व्यापार म्हटला की आपल्याकडचा जादा माल पाठवायचा आणि नसलेला आणायचा, एवढेच डोळ्यांसमोर येते. रावेर-यावलची केळी उत्तर भारतात जातात. तिकडून इकडे केळी येत नाहीत. हा एकेरी व्यापार. परंतु धुळ्याचे खाद्यतेल बाहेरगावी जाते आणि बाहेरगावचे तेलाचे डबेही देवपुरातील दुकानांत दिसतात. एकाच उद्योगातील मालाच्या अशा देवाणघेवाणीस उद्योगांतर्गत व्यापार म्हणतात.

आम्ही बँकेत काम करणारे. जमा-नावे हाच आमचा रोजचा व्यवहार. हा हिशेबही तसाच आहे. ग्रुबेल आणि लॉइड या अर्थशास्त्रज्ञांनी १९७५ साली आपल्या ग्रंथात तो मांडला. विक्री व खरेदी यांतील फरकाला दोहोंच्या बेरजेने भागावे, आलेला भागाकार १ मधून वजा करावा आणि १०० ने गुणावे. समजा, तेलाची विक्री ६० लाख व खरेदी ४० लाख. फरक २०, बेरीज १००; उत्तर ८०. केळीची विक्री ५० लाख व खरेदी शून्य असेल, तर उत्तर शून्य.

येथे दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली, वर्गवारी. खान्देशातून कापूस गुजरातेत जातो, सुरतेहून साड्या येतात. दोन्ही 'वस्त्रोद्योग' या एकाच सदरात घातले तर आकडा फुगतो; वेगळे मांडले तर घसरतो. दुसरी, सीमा. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याआधी नंदुरबारची मिरची धुळ्यात आली तर तो जिल्ह्यातील व्यवहार होता; नंतर तोच दोन जिल्ह्यांमधला व्यापार ठरला. मिरची तीच, रकाना बदलला!

मग हा खटाटोप कशासाठी? एकेरी व्यापारात बाहेरचा स्वस्त माल आला की सबंध धंदाच बसू शकतो आणि कामगाराला नवे काम शिकावे लागते. दुहेरी व्यापारात एक कारखाना बंद पडला, तरी त्याच उद्योगातील दुसऱ्या कारखान्यात तेच कसब उपयोगी पडण्याची आशा असते. हे सर्वत्र खरे ठरतेच असे नाही. तरीही ज्यांच्याजवळ ना जमीन ना भांडवल, केवळ हातचे कसब आहे, त्यांच्या दृष्टीने हा फरक पोटापाण्याचा आहे.

विद्यार्थी मित्रांनी एखाद्या घाऊक व्यापाऱ्याकडे जाऊन एका वस्तूची महिन्याची आवक-जावक लिहून घ्यावी आणि वरील हिशेब स्वतः करून पाहावा. कोणता धंदा शिकावा हे ठरविताना तो निश्चित उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.