अलिबागच्या जनरल वैद्यांची पुण्यात हत्या का झाली?

१० ऑगस्ट १९८६. माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य पुण्यात स्वतः मोटार चालवत घरी निघाले होते. सोबत पत्नी आणि सुरक्षारक्षक. मोटारसायकलवरून आलेल्या हल्लेखोरांनी अगदी जवळून गोळ्या झाडल्या. निवृत्त होऊन जेमतेम सहा महिने झाले होते.

१९२६ मध्ये अलिबागला जन्मलेले वैद्य रणगाडा दलाचे अधिकारी. १९६५ च्या युद्धात पंजाबमधील असल उत्तर येथे त्यांच्या ‘डेक्कन हॉर्स’ रेजिमेंटकडे होते दुसऱ्या महायुद्धातले शर्मन रणगाडे, तर समोर पाकिस्तानचे आधुनिक अमेरिकी पॅटन. पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत पॅटन रुतले आणि तिथेच टिपले गेले. वैद्यांना महावीर चक्र मिळाले. १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत सुरुंगांचा पट्टा पार करून त्यांनी रणगाडे पुढे काढले. महावीर चक्र दुसऱ्यांदा! हा मान मोजक्यांनाच मिळाला आहे.

१९८३ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. पुढच्याच जूनमध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात ‘ऑपरेशन ब्लू स्टार’ झाले. आदेश सरकारचा होता; खलिस्तानी अतिरेक्यांनी सूड मात्र पंतप्रधान इंदिरा गांधींपाठोपाठ वैद्यांवरही उगवला.

मारेकरी सुखदेवसिंग सुखा आणि हरजिंदरसिंग जिंदा यांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी पुण्यातच, येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली.