किल्ल्यांचे दरवाजे आणि विजेचे जाळे

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात पोफळी येथे सह्याद्रीच्या पोटात कोयना प्रकल्पाचे भूमिगत वीजगृह आहे. या प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट असून, असे प्रकल्प, उपकेंद्रे आणि वाहिन्या यांचे नियंत्रण आता संगणकांवर अवलंबून असल्यामुळे राष्ट्रीय सुरक्षेची सीमा डोंगरातल्या वीजगृहापर्यंत येऊन पोहोचली आहे.

हा धोका काल्पनिक नाही. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वीजवितरण कंपन्यांच्या नियंत्रण-यंत्रणेत शिरलेल्या हल्लेखोरांनी दूरवरून उपकेंद्रांतील ब्रेकर, म्हणजे प्रवाह तोडणारी उपकरणे, उघडली आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. मात्र कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन तीच उपकरणे हातांनी चालवल्यामुळे काही तासांत पुरवठा सुरू झाला.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या थांबल्या. संकटकाळी शहराला मुख्य जाळ्यापासून तोडून स्थानिक निर्मितीवर चालवणारी ‘आयलँडिंग’ व्यवस्थाही त्या दिवशी शहराला सावरू शकली नाही. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर पोलिसांच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले. सायबर संघर्षाचे स्वरूपच असे आहे की, हल्ला झाला की नाही आणि झाला असल्यास तो कोणी केला, हे ठरेपर्यंत बराच काळ लोटतो; म्हणून केवळ प्रत्युत्तराच्या धाकावर उभारलेले धोरण अपुरे ठरते.

याबाबत मराठ्यांचा दुर्गविचार आजही मार्गदर्शक आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी सिद्ध झालेल्या आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या ‘आज्ञापत्रा’त किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष मानला आहे, दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात, परंतु नित्य लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून घ्याव्यात, असा त्याचा आशय आहे. संगणकजाळ्यालाही हेच दोन्ही नियम लागू पडतात: अनावश्यक प्रवेशमार्ग बंद असावेत आणि मुख्य मार्ग शत्रूच्या हाती गेल्यास दुसरा तयार असावा.

वीज, बँका, वाहतूक यांसारख्या अत्यावश्यक यंत्रणांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारने २०१४ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन केले. परंतु त्याचे बळ अखेर प्रत्येक उपकेंद्रातील शिस्तीवर अवलंबून आहे. म्हणून संगणकाविना यंत्रणा चालवण्याचे कौशल्य कर्मचाऱ्यांत टिकवणे आणि त्याचा नियमित सराव घेणे, हा सुरक्षा धोरणाचा खर्चिक वाटला तरी अनिवार्य भाग मानला पाहिजे.